आवाज मंगळवेढ्याचा

मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचं नाव घरोघरी कोणत्या गाण्यानं पोचवलं? सोलापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, बहुतेक जण 'पाऊले चालती पंढरीची वाट' असंच सांगतील. काही जणांचं उत्तर मात्र वेगळं असतं, आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही. सोलापुरात दक्षिण कसब्यातल्या एका संगीतशिक्षकांच्या घरी यावर झालेलं बोलणं मी बसून ऐकलं, दोनदा मध्ये तोंडही घातलं. बोलणारे दोघे. एक शाळेतून निवृत्त झालेले सर. माळकरी माणूस, आषाढी न चुकवणारा. कितीतरी पोरांचे गळे त्यांनी पेटीवर तयार केले. दुसरी त्यांच्याकडे शिकायला येणारी मंगळवेढ्याची मुलगी. वय वीस-एकवीस, बौद्ध कुटुंबातली, काळी पाचमध्ये आवाज सहज फिरणारा.

आषाढीला पंढरपुरात भक्तिगीतांचा एक कार्यक्रम होता. तिला पहिल्यांदाच मोठ्या मंचावर गायला बोलावलं होतं. आयोजकांनी गाणंही ठरवून दिलं होतं, हेच. तिनं अजून होकार कळवला नव्हता.

"नाही म्हणण्यासारखं काय आहे त्यात?" सरांनी विचारलं. "या गाण्यानं प्रल्हाददादांना प्रल्हाद शिंदे केलं. पहिल्या कार्यक्रमाला याहून चांगला शकुन कोणता?"

"सर, या गाण्यानं त्यांना तुमच्या घरात आणलं. आमच्या घरात ते आधीपासून होते."

सरांनी भात्यावरचा हात काढला.

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडं त्यांची ओळख भीमगीतांची. चौदा एप्रिलला सकाळी पहिला आवाज लागतो तो त्यांचा. माझ्या आजीला विठ्ठलाची गाणी त्यांनीच म्हटलीत हे ठाऊक होतं, पण तिच्या लेखी ते नंतरचं. लोक म्हणतात या गाण्यानं त्यांचं आयुष्य सुरू झालं. मग त्याच्या आधी ते काय करत होते? गप्प बसले होते?"

गप्प तर नक्कीच बसले नव्हते. १९३३ सालचा त्यांचा जन्म. घरातच भजन-कीर्तन, तेव्हा सूर कानावर पडायला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. पोट भरायला मुंबई गाठली आणि तिथं कव्वालीच्या पार्टीत कोरसला उभे राहिले. पार्टी इस्माईल आझाद यांची, ज्यांची कव्वाली १९५८च्या 'अल हिलाल' चित्रपटानं देशभर नेली. कव्वालीचा कोरस ही गळ्याची फार कडक तालीम असते. मुख्य गायकानं ओळ टाकली की ती त्याच ताकदीनं उचलायची, तीही रात्र संपेपर्यंत. समोर बसलेला माणूस उठून जाणार नाही, इतका जोर शेवटच्या ओळीलाही शिल्लक ठेवायचा. प्रल्हाददादांचा खुला, वरच्या पट्टीत न चिरकणारा आवाज इथंच घडला, असं माझं मत आहे. त्यातली पुकार देवळातली नाही, ती मैदानातली आहे. आणि ते मैदान आंबेडकरी वस्त्यांचं होतं. वामनदादा कर्डक लिहीत होते, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप गात होते. सभेआधी गाणं, सभेनंतर गाणं, लग्नात गाणं, बारशात गाणं. बाबासाहेब ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत ते या गळ्यांतून पोचले.

सर हे सगळं जाणून होते. त्यांचा मुद्दा निराळा होता.

"मी कुठं नाही म्हणतो? पण मला सांग, यशवंत्यांचं नाव आज वस्तीच्या बाहेर किती जणांना ठाऊक आहे? गळा काय कमी होता त्यांचा? वामनदादांसारखा कवी दुसऱ्या भाषेत झाला असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता. शाळेच्या पुस्तकातून किती पोरांना ते भेटले? गाणं चांगलं असून भागत नाही, बाळ. ते वेस ओलांडून जावं लागतं. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल आणि हा गळा. तिन्ही एकत्र आले आणि वेस ओलांडली गेली. बामणाच्या घरात, मराठ्याच्या घरात, माळ्याच्या, कोष्ट्याच्या घरात सकाळी उठून हा आवाज लागायला लागला. गायकाचं भाग्य उघडतं म्हणजे दुसरं काय?"

"वेस कुणी घातली होती सर?"

यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मंगळवेढ्याच्या मुलीनं वेशीचं नाव काढलं की ते साधं राहत नाही. चोखोबा याच गावचे. इथल्याच गावकुसाच्या भिंतीचं काम करताना ती भिंत कोसळली आणि ते गेले; साल १३३८ सांगतात. नामदेवांनी अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. आत नव्हे, बाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं चोखोबांच्या जातीची माणसं त्या समाधीपर्यंतच येत राहिली. साने गुरुजी १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले, १० मेला ते सुटलं, आणि विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं. प्रल्हाद शिंदे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. मंगळवेढ्याहून पंढरपूर तासाभराच्या अंतरावर. त्या वयाच्या पोराला हे कळलं नसेल, असं मी मानू शकत नाही.

"दार बंद होतं, हे मला मान्य आहे," सर सावकाश म्हणाले. "म्हणूनच तर मी म्हणतो. ज्याच्या वाडवडलांना पायरीशी थांबवलं, त्याचा आवाज आज गाभाऱ्यापर्यंत ऐकू येतो. वारीच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर तोच आहे. हा केवढा विजय आहे! तुला त्यात अपमान का दिसतो?"

"अपमान नाही म्हणत मी. पण काय बोलालाव सर, विजय कुणाचा? आवाज आत गेला. त्याच माणसानं भीमगीतं गायली, हे कुणी आत नेलं का? टपरीवाल्याला विचारा, हे गाणारे कुठले, कोण, काय काय गायले. त्याला एवढंच ठाऊक असतं की विठ्ठलाचं गाणं म्हणणारे. अर्धा माणूस घेतला आणि अर्धा बाहेर ठेवला."

हे मला पटलं, आणि मी तसं म्हणालो. शिंद्यांची विठ्ठलाची गाणी विकणारं दुकान आणि भीमगीतं विकणारं दुकान ही दोन वेगळी दुकानं होती. एक पंढरपुरात प्रदक्षिणेच्या वाटेवर, दुसरं दीक्षाभूमीला आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. आवाज एक, गिऱ्हाईक दोन, आणि ही दोन गिऱ्हाइकं एकमेकांना ओळखत नव्हती. मोबाइलवर आता सगळं एका जागी आलंय, तरी ऐकणाऱ्यांच्या याद्या वेगळ्याच आहेत.

सरांनी मग दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "बरं, प्रतिज्ञेचं म्हण. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आहेत, तू त्या मानतेस. देव मानणार नाही, पूजा करणार नाही. तुझी अडचण ती आहे का? तसं असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. श्रद्धेवर मी कुणाला ढकलत नाही."

"प्रतिज्ञा आहेच. पण गाणं म्हणजे पूजा नव्हे, एवढं मला कळतं. बाबासाहेबांनी १९४८चं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक कुणाला अर्पण केलंय? नंदनार, रविदास आणि चोखामेळा, तिघं संत. देव नाकारायला निघालेल्या माणसानंसुद्धा चोखोबाला सोडलं नाही. तेव्हा मला विठ्ठलाच्या नावाची भीती नाही. भीती वेगळी आहे. एकदा हे गाणं म्हटलं आणि ते चाललं, की दर आषाढीला मला हेच म्हणायला बोलावतील. मी जन्मभर पंढरीची वाट चालत राहीन आणि माझं गाणं राहून जाईल."

ही भीती खरी आहे. गायकाला उभं करणारं गाणं त्याला धरूनही ठेवतं. याचं सगळ्यात जवळचं उदाहरण त्याच घरात आहे. प्रल्हाददादांचे चिरंजीव आनंद शिंदे. वडिलांसारखाच गळा, लहानपणापासून स्टेजवर, भीमगीतं तोंडपाठ. पण अख्ख्या महाराष्ट्राला ते माहीत झाले 'नवीन पोपट'नं. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात टेप आणि कॅसेट स्वस्त झाली, गाणं रेडिओच्या परवानगीवाचून गल्लोगल्ली पोचायला लागलं, आणि वरातीत, गणपतीत, जत्रेत तो पोपट बोलायला लागला. पुढं वर्षानुवर्षं लोक त्यांच्याकडं तेच मागत राहिले.

"तेव्हा आम्ही शिक्षकखोलीत नाकं मुरडली होती," सर म्हणाले. "असल्या बापाच्या पोरानं हे गावं!"

"आणि त्याच पोरानं वडिलांची भीमगीतं सोडली नाहीत. पोपटामुळं आलेली गर्दी जयंतीच्या मैदानात पण आली. तिथं आलेल्यांनी बाकीचं ऐकलं."

"मग झालं की! तूच माझं म्हणणं मांडलंस. आधी गर्दी येऊ दे. मग तुझं ऐकव."

"नाही सर. त्यांच्याकडं ऐकवायला आधीपासून होतं. बापाकडून आलेलं भांडार होतं. माझ्याकडं काय आहे? तीन-चार गाणी आणि तुमची तालीम. गर्दी आलीच तर मी तिला काय देऊ?"

सर हसले, पण लगेच उत्तर सापडलं नाही. त्यांनी राम जोश्यांना मदतीला बोलावलं. सोलापुरात गाण्याचा वाद झाला की राम जोशी येतातच. हा शहराचा पहिला मोठा शाहीर. जन्म १७६२चा धरतात. वैदिक घराणं, थोरले बंधू मुद्गल जोशी विद्वान, आणि धाकटा पोरगा तमाशाच्या फडात रमलेला. भावानं घराबाहेर काढलं. पोरगा पंढरपूरला गेला, बाबा पाध्यांकडे संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला, आणि तरीही लावणी सुटली नाही. मराठी, कानडी, हिंदी, संस्कृत अशा चार भाषा एका रचनेत गुंफणारा हा माणूस. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेणाराही हाच.

"त्यांना कशानं मोठं केलं?" सरांनी विचारलं. "लोक 'सुंदरा'चं नाव घेतात. १९४७ला शांतारामबापूंच्या राजकमलनं 'लोकशाहीर राम जोशी' काढला, जयराम शिलेदार राम जोशी झाले, आणि तेव्हापासून 'सुंदरा' म्हणजेच राम जोशी असं होऊन बसलं. पण त्यांचं 'हटातटाने' ऐक. ढोंगी साधूला असं झोडपलंय की अंगावर काटा येतो. तीच लेखणी, तोच गळा. एक गाणं पुढं गेलं, दुसरं मागून आलं. पुढं गेलेल्या गाण्यावर रागावू नये."

"पण त्यांना घरातून काढलं होतं सर. प्रल्हाददादांना काढायला घरात घेतलं होतं कुणी? बार्शीच्या अमर शेखांचं बघा. मेहबूब पटेल नावाचा मुसलमान पोरगा, गिरणीत राबलेला, संपात तुरुंगात गेलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानात अण्णा भाऊंचं गाणं त्यानं असं म्हटलं की लाखाची सभा हलायची. त्यांना कुणी म्हटलं नाही की आधी दुसऱ्याचं गा आणि मग तुझं. ते जे होते तेच घेऊन उभे राहिले."

आता दोघांचेही आवाज चढले होते. मी मध्ये पडलो, आणि मला जे आधीपासून म्हणायचं होतं ते म्हणालो. तुम्ही दोघंही या गाण्याला भक्तिगीत धरून भांडताय. एकदा त्याचे शब्द नुसते वाचा, चाल काढून. त्यात विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन नाही. कमरेवरचे हात नाहीत, तुळशीहार नाही, कासे पीतांबर नाही. त्यात गरिबी आहे. दारिद्र्यानं गांजलेला माणूस आहे. त्याच्या पुढ्यातल्या ताटात भाकरी नाही. सोयरेधायरे त्याला बघून पाठ फिरवतात. तेव्हा तो पंढरीकडे निघतो, आणि तिथं मागतो काय, तर मोक्ष नाही, दारिद्र्य संपू दे एवढंच. जिवाला जरा शांत वाटलं की त्याला पुन्हा आपल्या संसाराची ओढ लागते. देवापाशी राहायला गेलेला हा माणूसच नाही. भुकेला माणूस आहे, उपायाच्या शोधात निघालेला.

मुलीनं मोबाइलवर शब्द काढले आणि वाचले. सरांनी चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाचले. वर्षानुवर्षं त्यांनी हे गाणं गॅदरिंगला पोरांकडून बसवून घेतलं होतं, डोक्याला फेटे आणि हातात टाळ देऊन, हसऱ्या चेहऱ्यांनी. ते एवढंच म्हणाले, "भाकरीच्या कडव्याला मी पोरांना उड्या मारायला लावायचो."

"आमचं गाव ज्वारीचं," मुलगी म्हणाली. "मालदांडी म्हणून मिरवतो आम्ही, २०१६ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडून लोक जगवले, ते गावही आमचंच. त्या गावात रिकामं ताट म्हणजे काय, हे ज्याची जमीन नव्हती त्यालाच ठाऊक. आजी खुडायला जायची. दिवसभर कणसं खुडून घरी पसाभर ज्वारी आणायची. हे कडवं..." ती थांबली. "हे कडवं त्यांनी अभिनय करून म्हटलेलं नाही."

मला वाटतं, मोठं गाणं या ठिकाणी जन्माला येतं. दत्ता पाटलांचे शब्द आणि पाठकांची चाल दुसऱ्या एखाद्या घोटीव, नाट्यगीताच्या तयारीच्या गळ्याला मिळाली असती, तर ती चांगली भक्तिरचना झाली असती आणि कदाचित विसरलीही गेली असती. प्रल्हाददादांनी त्यात ताना घातल्या नाहीत, मुरक्या जेमतेम. सरळ, उघडा सूर, आणि शब्द असे फोडून म्हटलेले की शेवटच्या रांगेतल्या न शिकलेल्या माणसालाही कळावेत. ही रीत भीमगीतांच्या मैदानातली आहे. तिथं शब्द कळला नाही तर गाण्याचं कामच झालं नाही. तेव्हा सरांचं म्हणणं खरं, की या गाण्यानं त्यांना घरोघरी नेलं. आणि मुलीचं म्हणणं त्याहून खरं: घरोघरी जाण्याइतका तो गळा ज्यांनी केला, ती माणसं वस्तीतली होती. एकाच वर्षी दोघं गेले, मे २००४मध्ये वामनदादा आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या किती जणांना या दोन मरणांचा काही संबंध वाटला असेल?

सरांनी पेटी पुढे ओढली. "एकदा म्हण. फक्त ते कडवं. टाळ नको, उडी नको."

तिनं म्हटलं. ठाय लयीत, प्रत्येक शब्दाला उभं करत. पहिल्यांदा तिनं वर जाताना आवाज गोड केला, भावगीतासारखा. सरांनी हात उचलून थांबवलं. "गोड नको. लांबून कुणाला तरी हाक मारतेस असं." दुसऱ्यांदा तिनं छातीतून सूर लावला. वरच्या स्वरावर आवाजाला किंचित खरखर आली, आणि तिनं ती लपवली नाही. सरांनी पेटीचा सूर नुसता धरून ठेवला, एक पडदासुद्धा जास्तीचा वाजवला नाही.

"म्हणशील ना आषाढीला?" त्यांनी विचारलं.

"एका अटीवर. निवेदकानं गाण्याच्या आधी सांगायचं, की हे गाणारे मंगळवेढ्याचे, आंबेडकरी घरातले, जन्मभर भीमगीतं गायलेले. 'सुप्रसिद्ध गायक' एवढ्यावर भागवायचं नाही. आणि मी भीमगीत म्हणू द्या म्हणून भांडणार नाही, कार्यक्रम त्यांचा आहे. पण अर्धा माणूस मी मंचावर नेणार नाही."

"आयोजक म्हणतील, देवाच्या कार्यक्रमात राजकारण कशाला."

"मग मी नाही गात. दुसरी पोरगी मिळेल त्यांना."

सरांनी कपाळावरचा बुक्का अंगठ्यानं चोळला. आयोजक त्यांच्या ओळखीचे, वारीतल्या त्यांच्याच दिंडीचे. त्यांना हे सांगणं सरांना सोपं जाणार नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्यांनी हजेरीच्या वहीचं मागचं पान उघडलं. "निवेदन मी लिहून देतो. निवेदकाच्या भरवशावर नको. चोखोबांपासून सुरू करू. मंगळवेढा म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"चोखोबांपासून नको सर. मग लोक हात जोडतील आणि पुढचं ऐकणारच नाहीत. कव्वालीच्या कोरसपासून सुरू करा."

"कोरसपासून? पंढरपुरात?"

"हो. एका पोराला पोटासाठी मुंबईला जावं लागलं, इथून."

त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत 'सुप्रसिद्ध' आलं, ते तिनं खोडायला लावलं. 'दलित' लिहू की 'आंबेडकरी', यावर दोघांचं पुन्हा जुंपलं.